गावाच्या पैशाचा माग: ई-ग्रामस्वराजपासून ग्रामसभेच्या प्रोसिडिंगपर्यंत

ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या पैशातून कोणत्या तारखेला, कोणाला, किती रुपये दिले हे पाहायला आता सरपंचांच्या दारात जावे लागत नाही. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाचे ई-ग्रामस्वराज हे संकेतस्थळ 24 एप्रिल 2020 रोजी सुरू झाले. देशभरातल्या ग्रामपंचायतींचे आराखडे आणि खर्च त्यावर चढतात आणि लॉगिन न करता कोणालाही दिसतात. तरी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'गटारीचे पैसे कोणी खाल्ले' हा वाद वर्षानुवर्षे तसाच चालतो, कारण भांडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते पान उघडलेलेच नसते. ज्यांनी उघडलेले असते ते स्क्रीनशॉट टाकतात, चार अंगठे मिळवतात आणि थांबतात.

स्क्रीनशॉटला उत्तर द्यायला ग्रामसेवक बांधील नाही. आवक नोंदवहीत चढलेल्या अर्जाला मात्र तो बांधील आहे. म्हणून या लेखात संकेतस्थळ कसे पाहायचे याला जेवढी जागा दिली आहे, त्याहून जास्त जागा पुढच्या कागदाला दिली आहे.

ही वाट मोबाइलच्या आधीची आहे. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने 2 डिसेंबर 1994 रोजी पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात जनसुनवाई घेतली आणि हजेरीपत्रके व बिले गावासमोर मोठ्याने वाचून दाखवली. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही घोषणा त्याच चळवळीची. महाराष्ट्राने 2002 मध्ये स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला आणि 12 ऑक्टोबर 2005 पासून केंद्राचा कायदा लागू झाला. तेव्हा एकेक कागद मिळवायला महिने जात. आज त्यातला बराच भाग घरबसल्या दिसतो. वाचून दाखवायचे काम मात्र तेवढेच उरले आहे.

आधी माणसे, मग मोबाइल

एकट्याने सुरुवात करू नका. तीन-चार जण हवेत, आणि ते शक्यतो एकाच भावकीतले, एकाच गटाचे नकोत. नाहीतर पहिल्याच प्रश्नाला 'हे विरोधी पार्टीचे' असा शिक्का बसतो आणि हिशेब बाजूला राहतो. त्यांत एक तरी बाई असावी, बचत गटातली असेल तर उत्तम. पाण्याच्या टाकीत पाणी किती दिवसांनी चढते हे ती पाहताक्षणी सांगेल.

पुण्या-मुंबईत किंवा परदेशात असलेल्या गावकऱ्यांचा इथे खरा उपयोग होतो. संकेतस्थळ चाळणे, तक्ते करणे, अर्जाचा मसुदा लिहिणे ही कामे ते कुठूनही करू शकतात. मात्र ग्रामसभेचा सदस्य तोच, ज्याचे नाव गावाच्या मतदार यादीत आहे. ज्याने नाव शहरात नोंदवले आहे त्याने मागून मदत करावी, सभेत उभे राहण्याचे काम गावातल्या मतदाराकडे ठेवावे.

आराखडा शोधणे

ई-ग्रामस्वराज उघडल्यावर अहवालांच्या विभागात नियोजनाचे आणि लेख्यांचे असे वेगवेगळे अहवाल असतात. पानाची मांडणी अधूनमधून बदलते, त्यामुळे इथे बटणांची नावे पाठ करून घेण्यात अर्थ नाही. आर्थिक वर्ष, राज्य, जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत हा क्रम मात्र तोच राहतो. गावाच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग भलतेच असू शकते आणि एका तालुक्यात एकाच नावाची दोन गावेही सापडतात. म्हणून एकदा बरोबर ग्रामपंचायत सापडली की तिचा कोड वहीत उतरवून ठेवा. मंत्रालयाचे 'मेरी पंचायत' हे ॲपही आहे. मोबाइलवर ते सोपे पडते, पण तक्ता उतरवून घ्यायला संगणक बरा.

पहिल्यांदा उघडायचा तो मंजूर आराखडा, म्हणजे 'आमचा गाव आमचा विकास'खाली केलेला ग्रामपंचायत विकास आराखडा. त्यात कामाचे नाव, अंदाजे रक्कम आणि पैसे कोणत्या योजनेतून येणार ते दिसते. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी महाराष्ट्रात 80 टक्के ग्रामपंचायतीला, 10 टक्के पंचायत समितीला आणि 10 टक्के जिल्हा परिषदेला असा वाटला गेला. 2021-22 पासून त्यातला 60 टक्के 'बंधित' होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्चायचा. उरलेला 40 टक्के अबंधित. हे प्रमाण लक्षात असले की बंधित निधीतून गावाच्या वेशीवर कमान उभी राहिली असेल तर लगेच डोळ्यांत येते. आयोगाची मुदत 31 मार्च 2026 पर्यंतची होती, 1 एप्रिल 2026 पासून सोळाव्या आयोगाचा काळ सुरू होतो. पण मागचा हिशेब विचारायला मुदत संपल्याने काही अडत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घ्या. गावातले प्रत्येक काम ग्रामपंचायतीचे नसते. आमदार निधीतला सभामंडप, सार्वजनिक बांधकाम विभागाचा रस्ता, जिल्हा परिषदेने बांधलेली शाळेची खोली या आराखड्यात दिसणार नाहीत. 'रस्ता झाला पण संकेतस्थळावर नाही, म्हणजे घोटाळा' असा निष्कर्ष काढाल तर पहिल्याच सभेत हसे होईल. कामाच्या ठिकाणी फलक असेल तर त्यावरचे योजनेचे नाव आधी वाचा.

व्हाउचर वाचणे

खरा मजकूर इथे आहे. आराखडा म्हणजे इच्छा, व्हाउचर म्हणजे बँकेतून गेलेला पैसा. लेख्यांच्या अहवालात देयकाची तारीख, रक्कम, योजना आणि कशासाठी दिले त्याचा त्रोटक तपशील दिसतो. हे पैसे सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या डिजिटल सहीने जातात. (2024 मध्ये शासनाने या पदाला ग्रामपंचायत अधिकारी असे नाव दिले, पण गावात अजून भाऊसाहेबच म्हणतात.) काही गावांत दोघांच्याही सहीची डोंगले (डिजिटल सही साठवलेली, संगणकाला लावायची पेनड्राइव्हसारखी उपकरणे) तिसऱ्याच माणसाच्या खिशात असतात. डोंगल कोणाकडे असते हा सभेत विचारण्याजोगा प्रश्न आहे.

वहीत किंवा एक्सेलमध्ये पाच रकाने करा: तारीख, रक्कम, कोणाला, कोणत्या कामासाठी, आराखड्यात हे काम आहे का. एका वर्षाची सगळी व्हाउचरे एका बैठकीत उतरून होतात, कारण लहान गावात ती फार नसतात. मग तक्ता शांतपणे वाचा. काही गोष्टी आपोआप वर येतात. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात देयकांची रीघ. एकाच गटारीचे तीन तुकडे, 'भाग 1', 'भाग 2', 'भाग 3', प्रत्येकाची रक्कम निविदेच्या मर्यादेच्या जरा खाली. दिवाबत्तीचे साहित्य वर्षात चारदा, पण गावात खांब तेवढेच. तपशिलाच्या जागी नुसतेच 'मटेरियल बिल'. एकच दुकान, जिथून सिमेंट, सतरंज्या आणि संगणक सगळेच आले.

यातले काहीही गैरव्यवहाराचा पुरावा नाही. निधीचा हप्ताच फेब्रुवारीत आला असेल तर मार्चमध्ये देयके निघणारच. एका कामाचे पैसे टप्प्याटप्प्याने दिले जातात, त्यामुळे एकाच नावाची दोन व्हाउचरे म्हणजे दोनदा दिलेले पैसे नव्हेत. ठेकेदाराच्या बिलातून रॉयल्टी, विमा, बांधकाम कामगार उपकराचा 1 टक्का अशा कपाती होतात, म्हणून आराखड्यातली आणि व्हाउचरमधली रक्कम जुळत नाही. ऑपरेटरने चुकीच्या कामावर नोंद टाकली असेही घडते. तक्त्यातून फक्त प्रश्न काढायचे, आरोप नाही. दहा प्रश्न निघाले तर त्यातले दोन निवडा. ज्या कामाची जागा सगळ्या गावाला माहीत आहे आणि ज्याची रक्कम मोठी आहे ते आधी.

याला जोडून दोन ठिकाणे पाहता येतील. ऑडिटऑनलाइन या संकेतस्थळावर ग्रामपंचायतींचे लेखापरीक्षण अहवाल चढतात, आणि लेखापरीक्षकाने आधीच घेतलेला आक्षेप सापडला तर तुमचे निम्मे काम झाले. दुसरे जल जीवन मिशनचे. त्यात गावनिहाय नळजोडण्यांचे आकडे दिसतात. शंभर टक्के घरांत नळ असे तिथे लिहिले असेल आणि तुमच्या वस्तीवर टँकर येत असेल, तर तो आकडा छापून ठेवा.

जागेवर जाणे

तक्त्यातले काम प्रत्यक्ष पाहा. टेप घेऊन लांबी-रुंदी मोजा, मोबाइलच्या कॅमेऱ्यात स्थान-नोंद सुरू ठेवून फोटो काढा आणि मूळ फोटो जपून ठेवा, कारण व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या फोटोतली तारीख आणि ठिकाणाची माहिती सहसा निघून जाते. काम जुने असेल तर गूगल अर्थच्या संगणकावरच्या आवृत्तीत मागच्या वर्षांची उपग्रह छायाचित्रे पाहता येतात. शेततळे, पाझर तलाव, डांबरी रस्ता अशा मोठ्या गोष्टी त्यात कळतात. गटार कळत नाही. ज्यांच्या दारातून ती गेली त्यांना विचारा, कधी झाली आणि कोणी बांधली. त्यांची नावे मात्र ग्रुपवर टाकू नका. त्यांना त्याच गल्लीत राहायचे असते.

कागद मागणे

संकेतस्थळ जिथे संपते तिथून माहिती अधिकार सुरू होतो. राज्य शासनाचे ऑनलाइन माहिती अधिकाराचे संकेतस्थळ आहे, त्यावर मंत्रालयातले विभाग आणि इतर अनेक कार्यालये आहेत. पण तुमची ग्रामपंचायत त्या यादीत नसेल तर कागदावरचाच अर्ज करावा लागेल, आणि खरे सांगायचे तर गावासाठी तोच बरा. अर्ज जोडपत्र 'अ'च्या नमुन्यात, 10 रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावून, जनमाहिती अधिकाऱ्याच्या म्हणजे ग्रामसेवकाच्या नावे. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला दाखला जोडल्यास फी नाही. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द. म्हणून एका कामाला एक अर्ज.

मजकूर असा लिहा:

'सन 2024-25 मध्ये पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून (वस्तीचे नाव) येथे झालेल्या बंदिस्त गटार बांधकामाच्या पुढील कागदपत्रांच्या छायांकित प्रती मिळाव्यात: अंदाजपत्रक व तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील नोंदी, देयके व प्रमाणके, काम पूर्णत्वाचा दाखला.'

यात 'का' नाही हे पाहिलेत ना? 'गटार निकृष्ट का बांधली' असे विचारले तर 'अशी माहिती अभिलेखात उपलब्ध नाही' हे उत्तर येणार आणि ते कायद्याने बरोबरच असणार. या कायद्यात कागद मिळतो, खुलासा मिळत नाही. सगळ्या कागदांत मोजमाप पुस्तिका सर्वांत मोलाची. अभियंत्याने किती मीटर मोजले ते तिच्यात असते, आणि तुमची टेप किती सांगते ते तुमच्या वहीत.

माणसांबद्दल विचारण्यापेक्षा कामाबद्दल विचारण्याचे आता आणखी एक कारण आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम 8(1)(जे) मध्ये केलेला बदल नोव्हेंबर 2025 पासून अमलात आला. त्यामुळे 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार देणे सोपे झाले आहे. कलम 8(2) शिल्लक आहे, सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती देता येते. पण त्या वादात शिरण्याआधी, ज्यात कोणाचेच वैयक्तिक काही नाही असे कागद मागून घ्या.

अर्ज हातोहात दिला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही घ्या. 'साहेब नाहीत, ठेवून जा' म्हटले तर न भांडता स्पीड पोस्टाने पाठवा. उत्तराची मुदत 30 दिवस. प्रती 2 रुपये पानाने, आणि मुदत उलटून गेल्यावर दिल्या तर फुकट. उत्तर आले नाही किंवा अर्धवट आले तर 30 दिवसांच्या आत पहिले अपील, जोडपत्र 'ब', 20 रुपयांचे स्टॅम्प. अपिलीय अधिकारी कोण हे कार्यालयातल्या फलकावर असायला हवे, नसेल तर फलकाचा फोटो काढून तेही अपिलात लिहा. दुसरे अपील 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे. तिथे मात्र ताटकळावे लागते, म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीला जीव लावून जा. बऱ्याचदा कागद तिथेच हातात पडतो.

ग्रामसभा

आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, आणि 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या तारखा गावाला पाठ असतात. गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांपैकी जी संख्या कमी असेल ती. झेंडावंदनानंतर जिलेबी खाऊन लोक पांगतात, गणपूर्ती होत नाही, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्याने मग वीस माणसांत सगळे ठराव मंजूर. हा डाव मोडायला व्हॉट्सॲप ग्रुपसारखे साधन नाही. चार दिवस आधीपासून वाड्या-वस्त्यांवर निरोप फिरवा: अमुक गटारीचा हिशेब वाचला जाणार आहे, मोजमापाचे कागद आले आहेत. नुसते 'ग्रामसभेला या' म्हटल्यावर कोणी येत नाही. आपल्या दारातल्या गटारीचे नाव घेतले की येतात.

सभेच्या काही दिवस आधी प्रश्न लेखी द्या आणि पोहोच घ्या, म्हणजे 'विषयपत्रिकेवर नाही' हे उत्तर बाद होते. ग्रामसभेआधी महिला सभा घेणेही कायद्यात आहे. ती झाली का हे विचारा, आणि झाली नसेल तर तिचा आग्रह धरा, कारण पाण्याचे प्रश्न तिथे जास्त मोकळेपणाने निघतात.

सभेत एकाने वाचायचे, दुसऱ्याने लिहायचे, तिसऱ्याने मोबाइलवर सगळे टिपायचे. वाचणाऱ्याने एवढेच म्हणावे: 'मोजमाप पुस्तिकेत 120 मीटर आहे. जागेवर आम्ही मोजली ती 85 मीटर भरली. उरलेली कुठे आहे ते दाखवावे.' (आकडे उदाहरणादाखल.) विशेषणे नकोत. आवाज चढला तर ज्याला उत्तर टाळायचे आहे त्याचे फावते, सभा गोंधळात संपते आणि प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, 'खेळीमेळीच्या वातावरणात सभा पार पडली' असे येते.

म्हणून शेवटची दहा मिनिटे सर्वांत महत्त्वाची. तुमचा प्रश्न आणि त्याला दिलेले उत्तर प्रोसिडिंग बुकात लिहिले गेले का ते तिथेच वाचून घ्या. संयुक्त मोजणी करावी असा ठराव मांडा, सूचक-अनुमोदकाची नावे लिहायला लावा, आणि आठवड्याभरात ठरावाची प्रत लेखी मागा. पुढे गटविकास अधिकाऱ्याकडे, जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे किंवा 'आपले सरकार' तक्रार संकेतस्थळावर जायचे झाले तर ही प्रत वजनदार ठरते. एका माणसाची तक्रार निकाली काढणे सोपे असते. ठरावावर ग्रामसभेचे नाव असते. सरपंचाला पदावरून दूर करण्याची तरतूद ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 39 मध्ये आहे, पण तिथवर जाण्याची घाई नको. कित्येक वेळा ठराव झाल्यावर उरलेली गटार आठवड्यात बांधून निघते, आणि गावाला हवी असते ती गटारच.

ग्रुपवर काय टाकावे

कागदाचा फोटो, संकेतस्थळावरचे पान, मोजलेली लांबी, सभेची तारीख. 'चोर', 'लुटारू', कोणाच्या बायकोच्या नावावरची गाडी, हे नाही. बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे आणि पोस्ट पुढे ढकलणाराही त्यात अडकू शकतो. लाभार्थ्यांच्या याद्या टाकताना आधार, बँक खाते आणि मोबाइल क्रमांक झाका. ग्रुपवर सरपंच आणि ग्रामसेवक असू द्या. त्यांना काढून टाकून गप्पा मारल्या तर तो विरोधकांचा ग्रुप होतो, आणि त्यांनी तिथेच समाधानकारक कागद टाकला तर विषय मिटवण्याचा मोठेपणाही दाखवा.

जपून

तळेगाव दाभाड्याचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा 13 जानेवारी 2010 रोजी सकाळी फिरायला गेले असताना खून झाला. त्यांनी जमिनींचे व्यवहार उघड केले होते. जागल्यांना, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांना, संरक्षण देणारा कायदा संसदेने 2014 मध्ये केला खरा, पण तो अमलात आणला गेलेला नाही. गावच्या गटारीपायी असे होत नाही म्हणून निर्धास्त राहू नका, विशेषतः वाळू, मुरूम, गायरान जमीन असा विषय निघाला तर. तो विषय एकट्याच्या नावाने काढू नये. एकाच मजकुराचे अर्ज पाच-सहा जणांनी वेगवेगळ्या दिवशी टाकावेत. आलेले कागद त्याच दिवशी स्कॅन करून गावाबाहेरच्या दोघा-तिघांकडे पाठवावेत, म्हणजे कागद एका घरात नाही हे सगळ्यांना कळते. धमकी आली तर ती तारखेसह लिहून पोलीस ठाण्यात अर्ज द्या आणि त्याचीही पोहोच घ्या.

ऑक्टोबरची तयारी

झालेल्या खर्चाच्या मागे धावणे दमवणारे असते. पुढच्या वर्षाच्या आराखड्यासाठी 2018 पासून दरवर्षी 2 ऑक्टोबरच्या सुमारास लोकसहभागाची मोहीम सुरू होते आणि कामांची यादी त्याच हंगामात ठरते. बहुतेक गावांत ती यादी कार्यालयात बसून होते आणि ग्रामसभेत नुसती वाचली जाते. गणेशोत्सवाला बाहेरगावचे लोक घरी आले की तेव्हाच मागच्या वर्षाचा तक्ता समोर ठेवून बसा, वस्तीनिहाय तीन-तीन कामे ठरवा, आणि ती लेखी स्वरूपात ग्रामपंचायतीला देऊन आवक क्रमांक घ्या. 2 ऑक्टोबरच्या सभेत तीच यादी ठरावात घालायला लावा. आराखडा ई-ग्रामस्वराजवर चढला की ठरावातली नावे आणि संकेतस्थळावरची नावे एकाखाली एक ठेवून जुळवा. एखादे काम गळालेले दिसले तर 26 जानेवारीच्या सभेसाठी तुमचा पहिला लेखी प्रश्न तयार आहे.